युरिया कुठं गेला

मला आजून बी एक गोष्ट नीट उमगलेली न्हाई. पाण्यात एखादा जिन्नस टाकला, काठीनं हलवला, आन तो दिसायचा बंद झाला, तर तो गेला का हाय? शाळंतली लेकरं ह्याचं उत्तर पटकन देत्यात. मी दुसरी पस्तोर शिकले, आन दुसरीत आमाला हे कुणी सांगितलं न्हाई. मला सांगितलं ते जनावराच्या डॉक्टरनं, ते बी भर दुष्काळात, दूध सोसायटीच्या पत्र्याखाली. त्यानं सांगितलं, मी हो म्हणलं, आन घरी येऊस्तोर सगळं उलटंपालटं झालं.

त्या साली पाऊस झालाच न्हाई. आधल्या साली बी अर्धामुर्धाच झालता. हिरीच्या तळाचा दगूड उघडा पडला. आधी तिचं पाणी खारट-कडवट झालतं, मंग चिखूल, मंग काहीच न्हाई. आमच्याकडं दोन बैलं, एक म्हैस आन एक तांबडी गाय. बैलं आन म्हैस तेलगावच्या बाजारात नेली. इकली काय, देऊन आलो म्हणा. आमचे मालक आन धाकले दीर, दोघं भाऊ मिळून एक कोयता झाले आन टोळीसंगं ऊस तोडायला गेले. येरवी कोयता म्हणजे नवरा-बायकू. पर त्या साली जाऊचं लेकरू अंगावर पीत व्हतं, आन मला आत्याबाई आन तांबडी, दोघींला सोडून जाता येईना.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. तिला डोळ्यानं कमी दिसायचं. समदा संसार हाताच्या बोटांनी करायची. दाण्यातला खडा बोटांनी हुडकायची, भाकर झाली का बोटांनी बघायची. तांबडीची आई तिला जल्म देऊन मेली तवा आत्याबाईनंच तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं व्हतं. आता ती गाय गाभण व्हती. जायच्या दिवशी मालक म्हणले, "हिला बी बाजार दाखवू. चारा कुठून आणायचा?"

आत्याबाई गोठ्यात बसल्या व्हत्या. म्हणल्या, "दाखीव. पर आधी मला दाखीव. माझं काय मोल येतंय ते बघ."

मालक गाय तिथंच सोडून कोयता घेऊन गेले. तवा झालं असं का तांबडी जगली तर आत्याबाई जगतीन, हे आमाला दोघी जावांला कुणी सांगायची गरज पडली न्हाई. म्हातारी स्वतःची अर्धी भाकर कुस्करून गाईम्होरं धरायची. मी रागवायचे. ती म्हणायची, "दोन जिवाची हाय ती. मी एकाच जिवाची हाय."

शिवरात्रीच्या आसपास सोसायटीनं कुठून तरी ट्रकभर गव्हाचं भुसकट आणलं. आमी सभासद, म्हणून आमाला बी वाटा आला. पर ते भुसकट म्हणजे नुसतं वाळकं, पांढरं, तोंडात घेतलं तर कागद चावल्यावानी. तांबडीनं हुंगलं आन तोंड फिरीवलं. खाल्लं तरी अंगी लागंना. बरगड्या मोजाव्या तशी झाली, आन खाली पोट तेवढं लोंबतंय.

मंग सोसायटीत निरोप फिरला का डॉक्टर येणारेत, भुसकट मऊ करायची रीत दावणारेत, बायांनी या. गडी माणसं गावात व्हतीच कोण.

डॉक्टर तरणा व्हता, डोक्याला रुमाल बांधलेला. पत्र्याखाली आमी बाया बसलो. तिथंच दूध मापायचा माणूस कॅनापाशी डोकं धरून बसला व्हता. गावात दोन-चार घरचंच दूध राहिलतं, आन न्यायची गाडी आली न्हवती, म्हणून कॅनातलं दूध फाटलं व्हतं. डॉक्टरनं तेच धरलं. म्हणला, "मावशी, हे दूध फाटलं. आता ह्याचं परत दूध होईल का?"

"कसं व्हईन?"

"आन तूप थिजलं तर?"

"तापवलं का पातळ व्हतंय."

"हां. तूप थिजलं तरी तूपच. नुसतं रूप बदललं. ह्याला म्हणत्यात भौतिक बदल. दूध फाटलं तवा जिन्नसच बदलला. हा रासायनिक बदल. माघारी येत न्हाई."

जाऊ माझ्या बाजूला बसलेली. तिचं तोंड कधी बंद नसायचं. म्हणली, "मंग डॉक्टर, आमच्या मालकानं ऊसतोडीवरून आल्यावर दाढी केली, नवं धोतर नेसलं, तर त्यो कंचा बदल?"

बाया हसल्या. डॉक्टर बी हसला. म्हणला, "तुमीच सांगा ताई."

"भवतिकच म्हणायचा. माणूस त्योच, तसाच खेकसतोय."

हसण्यात सगळं गेलं आन मला वाटलं का मला कळालं. डॉक्टरनं मंग युरियाची गोणी उघडली. पाण्यात युरिया कालवायचा, भुसकटाच्या थरावर शिंपडायचा, पायानं तुडवायचं, परत थर, परत पाणी. वरून खताच्या रिकाम्या गोण्या झाकायच्या, कडंनं चिखलानं लिंपायचं. वारा आत जाता कामा नये. तीन आठवडे उघडायचं न्हाई. तवर आत भुसकटाचा रासायनिक बदल होतो. रंग बदलतो, वास बदलतो, मऊ होतं, जनावर खातं.

"आन एक ध्यानात ठेवा," त्यानं बोट उगारलं. "युरिया जनावराच्या पोटात सुटा जायला नको. इख हाय ते."

"न्हाई जाऊ द्यायचो," आमी सगळ्यांनी म्हणलं. युरिया म्हणजे पांढरे मणी, त्ये कोण कशाला गाईला चारंल?

त्याच दिवशी आमी दोघींनी मिळून ढीग घातला. टँकरचं पाणी पिण्यातून काढून ड्रमात साठीवलतं. ते भुसकटावर शिंपडायचं म्हणलं तर जीव तुटत व्हता. युरिया ड्रमात टाकला आन जाऊनं काठीनं हलवला. मणी फिरले, बारीक झाले, दिसंनासे झाले. पाणी व्हतं तसं निवळ. आन एक इपरीत झालं. पाणी गार पडलं. नुसतं गार न्हाई, नव्या माठातल्यावानी. मी हात घातला तर बोटं सुन्न. बाहीर ऊन कडकत व्हतं, आमी दोघी कोपरापस्तोर हात घालून उभ्या राहिलो.

मी म्हणलं, "डॉक्टर म्हणला, हाताला गरम लागलं, रंग बदलला, वास आला तर जिन्नस बदलला समजायचं. हे तर गार पडलं. मंग हे काय झालं?"

"उलटा बदल झाला," जाऊ म्हणली. "आता ह्याच्यात दूध वत, परत म्हशीच्या थानात जाईन."

आत्याबाईनं बी हात घातला. तिच्या तोंडावर कितीक दिवसांनी बरं वाटल्यावानी आलं. "आगं, हिरीला पाणी व्हतं तवा असं लागायचं," म्हणल्या. मी त्यांला बजावलं, "आत्याबाई, युरिया गाईला लागू द्यायचा न्हाई हं. इख हाय." त्या म्हणल्या, "मला काय येडी समजलीस का?"

ढीग झाला. लिंपून झाला. ड्रमाच्या तळाला पाणी राहिलं. ते टाकून द्यायचं कुणाच्या मनातच आलं न्हाई. दुष्काळात पाणी कोण टाकतंय? भांडं धुतलेलं पाणी आमी तुळशीला वतायचो, तोंड धुतलेलं लिंपायला. ड्रमावर गोणी झाकून ठिवली.

दुसऱ्या दिवशी आमी दोघी टँकरला गेलो. त्या दिवशी भांडणं, रांग मोडली, उशीर झाला. हंडे घेऊन आलो तर आत्याबाई गोठ्याच्या दारात, पदर कंबरंला खोचून, हातात रिकामी बादली. खूश.

"लई तहानली व्हती बघ माझी माय. गार पाणी पेली. अर्धी बादली पेली, मंग मान हलीवली, उरलेलं लाथाडलं."

मी हंडा खाली ठिवला. "कुठलं पाणी?"

"ड्रमातलं. तळाला व्हतं त्यात जरा घरातलं वतलं."

"आत्याबाई! त्यात युरिया हाय!"

"युरिया कुठं हाय?" त्या माझ्यावरच उखडल्या. "तुमीच हलवून हलवून घालीवला न्हवं? मी आत हात घालून तळापस्तोर चाचपलं. एक मणी हाताला लागला न्हाई. जिभंला लावून बी बघितलं. जरासं कडवट. आपल्या हिरीचं पाणी शेवटाला कसं व्हतं? तसलंच."

खरं सांगते, त्या घडीला मला बी वाटलं का म्हातारी बरोबर बोलतीया. मी माझ्या डोळ्यांनी मणी जाताना बघितले व्हते. आन तरी मी गोठ्यात पळाले.

तवर तांबडीच्या पाठीची कातडी थरथरायला लागली. माशी बसल्यावर थरथरती तशी, पर माशी न्हवती. मंग मान. मंग मागचे पाय. तोंडातून फेस गळायला लागला, दात खायला लागली. पोट डाव्या अंगानं फुगत चाललं.

"जा," मी जाऊला म्हणलं. "डॉक्टर आज खालच्या आळीच्या बायांला दावायला आलाय. पळ."

जाऊ लेकरू माझ्या अंगावर टाकून पळाली. मी एका काखंत लेकरू, दुसऱ्या हातानं दावं धरून. आत्याबाई गाईच्या मानंला मिठी मारून उभ्या. त्यांला दिसत न्हवतं, पर हाताला कळत व्हतं. "हिला कावून कापरं भरलंय? थंडी वाजतीया का? पाणी लई गार व्हतं का?" असं इचारत व्हत्या. मी काय सांगू? तांबडीचे म्होरले पाय वाकले, ती बसली, बसल्या बसल्या एका अंगावर कलंडाया लागली. मी लेकरू भुईवर ठिवलं आन आमी दोघींनी अंगाला गोणी लावून तिला छातीच्या आधारानं बसती धरली.

डॉक्टर फटफटीवर आला. मागं जाऊ, आन जाऊच्या मांडीवर दुधाचं कॅन. कालचं फाटलेलं दूध. मापायच्या माणसानं ते बी टाकलं न्हवतं, कुणाला तरी लागंल म्हणून ठिवलं व्हतं. आता ते इतकं आंबलं व्हतं का झाकण काढलं तसं नाक झोंबलं.

"आंबट आणा. घरात काय असंल ते. चिंच हाय का?"

चिंच व्हती. जुनी, काळी, गोळा करून ठिवलेली. आत्याबाई चुलीपाशी बसल्या आन परातीत चिंच कुस्कराया लागल्या. पाणी आमी आत्ताच आणलेल्या हंड्यातलं, दोघींचं बी. प्यायला उद्या काय, हे त्या वक्ताला कुणी बोललं न्हाई. डॉक्टरनं बाटलीनं ते आंबट पाजलं, गाईचं नाक लई वर धरू देईना, ठसका लागून मरंल म्हणला. एक बाटली नाकातोंडातून बाहीर, एक आत. परत भर. जाऊ भरायची, मी जबडा धरायचे. डॉक्टरनं फुगलेल्या अंगाला मुठीनं दाबून दाबून चोळलं.

आत्याबाई परातीतून मान वर न करता एकच इचारत व्हत्या, "हाय का? हाय का गं?"

"हाय," मी म्हणायचे. मला बी पक्कं ठाव न्हवतं.

लई येळानं तांबडीनं ढेकर दिला. असा आंबट, घाण वास आला का जाऊ म्हणली, "देवा, असला वास मला कधी इतका गोड लागला न्हवता." फुगा उतराया लागला. कापरं हळूहळू गेलं. कान हलला. डॉक्टरनं पोटाला कान लावला, वासराच्या जागी हात दाबून बघितलं, आन खाली बसला. त्यानं मांडीवर हात पुसले.

"वाचली. थोडी पेली म्हणून वाचली. पर वासराचं आजच सांगता येत न्हाई."

आत्याबाई तशाच परातीत हात घालून बसलेल्या. म्हणल्या, "डॉक्टर, मी युरिया न्हाई दिला हो. पाणी दिलं."

त्यो रागवला न्हाई. म्हणला, "आजी, पाण्यातच व्हता त्यो. इरघळला म्हणजे गेला न्हाई. त्यो भौतिक बदल. जिन्नस त्योच, नुसता दिसत न्हाई."

"न्हाई दिसत तर मी कसं वळखू? मला तर तसं बी दिसत न्हाई."

त्यानं ड्रमाकडं बघितलं आन म्हणला, "हे उलटं करा. वाळू द्या."

मी ड्रम धुतला न्हाई, कारण पाणी न्हवतं. गाईनं बादली लाथाडली व्हती तिथं फरशीच्या दगडावर पाण्याचा वगळ आला व्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यो दगूड पांढरा झालता. मी बोट लावलं. मणी न्हवते, पर बारीक सुयांवानी पांढरं, बोटाला चिकटणारं. मी आत्याबाईचं बोट धरून त्या दगडावर फिरीवलं. त्यांनी बोट जिभंला लावलं न्हाई, नुसतं चोळत राहिल्या.

"हाच का त्यो?"

"हाच."

"मंग काल कुठं लपला व्हता?"

मला तेव्हा वाटलं, आता कळालं. माघारी येतंय ते भवतिक. मीठ पाण्यात गेलं, पाणी आटलं, मीठ माघारी. युरिया गेला, पाणी वाळलं, युरिया माघारी. सोपं हाय. आन मी घरातलं एक-एक धरून बघायला लागले. तूप, माघारी येतं. दूध, न्हाई येत. भाकर, तिचं पीठ व्हत न्हाई. इथपस्तोर ठीक. मंग गूळ. रस आटवला, पाणी गेलं, गूळ राहिला. म्हणजे गूळ रसातच व्हता. मंग गुळात पाणी घातलं तर रस माघारी यायला पायजे. पर रस येत न्हाई, गुळवणी व्हती. मी सगळा जल्म उसात घालीवला, रस आन गुळवणी मला झोपंत बी वेगळी कळती. मंग गूळ हिकडचा का तिकडचा?

आन हिरीचं पाणी. ते हंडीत उकळलं का हंडीच्या बुडाला पांढरं बसायचं. ते पाण्यातूनच आलं ना? मंग परत पाणी घातलं तर इरघळायला पायजे. घासून घासून हात गेले, त्ये काही इरघळत न्हाई.

डॉक्टर ढीग बघायला आला तवा मी हे समदं त्याला इचारलं. त्यो ढिगाच्या कडंनं फिरत व्हता, चिखलाला भेग पडलीय का बघत. त्यानं सांगितलं, हंडीचं पांढरं म्हणजे उकळताना जिन्नसच बदलतो, ते दुसरं. गुळाचं म्हणला, "थोडं हे, थोडं ते. रस तापला का त्यातलं काही बदलतं बी."

"म्हणजे दोन्ही?"

"दोन्ही."

"एकाच कढईत?"

"एकाच."

जाऊ म्हणली, "डॉक्टर, तुमी हिला काही सांगू नका. रात्री मला झोपू देत न्हाई."

मी तरी सोडलं न्हाई. माझ्या डोक्यात एकच घोळत व्हतं. म्हणलं, "गाईच्या पोटात गेल्यावर काय झालं मंग?"

"पोटात युरिया बदलला. त्याचा झणझणीत वायू झाला, त्यो रक्तात गेला. आंबटानं त्याला मारलं."

"आन ह्या ढिगात काय व्हणार?"

"हेच. युरियाचा वायू होणार, भुसकटात जाणार, त्याला मऊ करणार."

"हेच?"

"हेच."

"मंग ढिगात बरं आन पोटात इख, हे कसं? जिन्नस एक, बदल बी एक."

त्यानं हातातला चिखूल झटकला. म्हणला, "ढिगाला जीव न्हाई, मावशी. त्यो दम धरून बसतो, वायू भुसकटात मुरतो, जास्तीचा उघडल्यावर उडून जातो. गाईला दम कुठून धरता येणार? म्हणून उघडल्यावर बी तिला एकदम पोटभर देऊ नका."

त्यानं सांगितलं ते खोटं न्हवतं, मला कळतंय. पर ऐकताना जे कळालं ते त्याची फटफटी वळणाला गेली तसं निसटलं. ढीग बघितला का मला भ्या वाटाया लागलं. आत तेच चाललंय जे तांबडीच्या पोटात चाललं व्हतं, असं वाटायचं. गोणीवर हात ठिवला तर गरम लागायचं. म्हणजे खरंच आत काही तरी व्हत व्हतं.

ते तीन आठवडे कसे काढले ते सांगत न्हाई. बाभळीच्या शेंगा येचल्या, शेळ्यावाल्यांनी टाकलेला पाला आणला, सोसायटीनं थोडी पेंड दिली. तांबडी उभी राहायची तेवढीच. वासरू पोटात हालतंय का ते आत्याबाई रोज सकाळी हात लावून बघायच्या. पर त्यांनी तिला पाणी पाजणं सोडलं. बादली मी धरायची, त्या लांब बसायच्या, आन मला इचारायच्या, "तू पेलीस का आधी?" मी म्हणायचे, "पेले." मंगच गाईचं तोंड बादलीत.

पाडव्याच्या अलीकडं ढीग फोडला. गोणी उचलली तसा असा भपकारा आला का जाऊ आन मी डोळं धरून मागं सरलो. पाण्याच्या धारा लागल्या. नाकात मिरची गेल्यावानी. आत भुसकट पांढरं न्हवतं. तपकिरी, गुळासारख्या रंगाचं झालतं. हातात घेतलं तर ओलसर, मऊ, दबणारं. डॉक्टरनं सांगितल्यावानी ते अंगणात पसरलं, वाऱ्यावर ठिवलं. हळूहळू झणझण कमी झाली. मी एक मूठ दगडावर वाळत घातली. वाळली. दगडावर पांढरं आलं न्हाई.

मंग एक टोपलं तांबडीम्होरं ठिवलं. तिनं नाक घातलं, फुर्र केलं, आन मान फिरीवली. परत ठिवलं. परत मान फिरीवली. ती उभ्या उभ्या हलत व्हती. दुसरं घरात काही न्हवतं. पेंड सरली व्हती.

"वास हाय आजून," जाऊ म्हणली.

"तिला ते पाणी आठवतंय," मी म्हणलं.

आत्याबाई उठल्या. चाचपत आल्या, टोपल्यात हात घातला, मूठ भरली, चोळली, हुंगली. आन तोंडात घातली.

"आत्याबाई, काय करताव!"

त्या चघळत राहिल्या. दात थोडेच व्हते. चघळून चोथा थुकला, परत दुसरी मूठ. "ह्या बारीला आधी मला काय व्हतं ते बघा," म्हणल्या. "सावली उंबऱ्यावर येऊस्तोर तिला द्यायचं न्हाई."

आन खरंच, त्यांनी देऊ दिलं न्हाई. गाय भुकेली उभी, टोपलं भरलेलं, आन म्हातारी टोपल्याला टेकून बसलेली. मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले, कापरं भरतंय का. तांबडीचे पाय आठवत व्हते मला. डॉक्टरला बोलवावं म्हणलं तर त्यो कंच्या गावात व्हता कुणाला ठाव.

जाऊला बसवंना. ती म्हणली, "आत्याबाई, आता सोसायटीत दूध किती घालताल?"

"तुझ्या बापाला पुरंल इतकं," आत्याबाई म्हणल्या. तोंडाला काडी चिकटलेली.

आमी दोघी हसलो, आन हसताना मला रडू आलं, का ते इचारू नका.

सावली उंबऱ्यावर आली. आत्याबाईला काही झालं न्हाई. त्यांनी मूठ भरली, तळहात पसरून तांबडीच्या तोंडाखाली धरला. गाईनं आधी त्यांचं मनगट चाटलं. मंग व्हटांनी थोडं उचललं, चावलं, थांबली. परत उचललं. मंग तळहात सोडून टोपल्यात तोंड घातलं. चावायचा आवाज गोठ्यात आला, करकर करकर, लई दिसांनी. आत्याबाई म्हणल्या, "पोटभर एकदम देऊ नका. डॉक्टर काय म्हणला व्हता?" म्हणजे त्यांनी ऐकलं व्हतं समदं.

टोळी माघारी आली तवा तांबडी इलती. कालवड झाली, तांबडीच, पाय जरा वाकडे, पर उभी राहिली. चीक निघाला. जाऊनं त्याचा खरवस केला. चुलीवर ठिवला तवा पातळ, उतरीवला तवा घट्ट. मालक खात व्हते. मी खरवसाकडं बघत बसले. जाऊला कळालंच. म्हणली, "ये बाई, खा गप. माघारी काढायचा न्हाई त्यो."

आत्याबाई गेल्या त्याला लई वर्सं झाली. तांबडी बी गेली, तिची नात आमच्याकडं हाय. आता दारात नळ आलाय, बोअरचं पाणी, कधी येतं कधी न्हाई. नवं पाणी आलं का मी अजून अंगणातल्या दगडावर जरासं वतते, वाळू देते, मंग बोट फिरीवते. सून आता मला म्हणती, "आत्याबाई, ते निवळ हाय की." निवळ तर ते बी व्हतं. बोटाला काही तरी पांढरं लागतंच, थोडं. मीठ हाय का चुना हाय का आजून काय, मला वळखता येत न्हाई. मंग मी आधी पिते, जरा बसते, आन मंगच बादली गोठ्यात नेते.